राष्ट्रप्रमुखांची भेट, न पटणारे राजकारण आणि खेळाडूचा शिष्टाचार

प्रश्न असा आहे: संघ जिंकला, देशाच्या प्रमुखांकडून भेटीचे निमंत्रण आले आणि संघातल्या दोघा-तिघांना त्या नेत्याचे राजकारण अजिबात मान्य नाही. एक म्हणतो, मी येणारच नाही. दुसरा म्हणतो, येईन, पण हात मिळवणार नाही. महासंघाला सगळे हजर हवेत. मग सभ्यपणा कशात, जाण्यात की न जाण्यात?

दोन्हींत असू शकतो. न जाणे असभ्य नाही आणि जाणे म्हणजे शरणागती नाही. घोळ होतो तो तळ्यात-मळ्यात करणाऱ्यांचा. जायचे, पण तोंड फिरवून उभे राहायचे. किंवा जायचे नाही, पण कारण खोटे सांगायचे. म्हणून पहिला निर्णय जायचे की नाही हाच, आणि तो एकदा घेतला की पुढचे वागणे त्याला शोभेल असे पूर्ण हवे.

निर्णयाआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. भेट तुमची असते, पण फोटो यजमानाचा असतो. दहा मिनिटांत तुम्ही काय बोललात ते कोणी ऐकत नाही. चौकट राहते, आणि ती कधी, कुठे, कोणत्या ओळीखाली वापरायची हे यजमानाचे कार्यालय ठरवते. मे 2018 मध्ये तुर्की वंशाचे जर्मन फुटबॉलपटू मेसुत ओझिल आणि इल्काय गुंडोआन यांनी लंडनमध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांची भेट घेतली आणि त्यांना आपापल्या क्लबच्या जर्सी दिल्या. गुंडोआनने जर्सीवर तुर्की भाषेत 'माझ्या अध्यक्षांना, आदरपूर्वक' अशा अर्थाची ओळ लिहिली होती. तुर्कस्तानात निवडणूक काही आठवड्यांवर होती आणि फोटो एर्दोआन यांच्या पक्षाने प्रसिद्ध केले. दोघे जर्मनीकडून खेळत असल्याने तिथे गदारोळ झाला. जर्मन अध्यक्ष श्टाइनमायर यांना भेटून खुलासा करण्याची वेळ आली. जुलैमध्ये ओझिलने वंशद्वेषाचा आरोप करत राष्ट्रीय संघ सोडला. त्याचे म्हणणे होते की ही भेट राजकारणाची नव्हती, पूर्वजांच्या देशाच्या सर्वोच्च पदाचा मान राखण्याची होती. त्याचा हेतू तसाच असेलही, पण फोटोत हेतू उमटत नाही. जर्मनीचाच फुटबॉलपटू एमरे जान यालाही त्या भेटीचे निमंत्रण होते. तो गेला नाही आणि या वादळातून बाहेर राहिला.

त्यामुळे निमंत्रण आले की 'कोण येणार' हे विचारण्याआधी संघ व्यवस्थापकाने यजमान कार्यालयाला लेखी प्रश्न पाठवावेत. कार्यक्रम किती वेळाचा? पत्रकार आत असतील का, असतील तर प्रश्नोत्तरे होतील का? भाषण कोण करणार, संघाकडून कोणी बोलायचे आहे का? खेळाडू कुठे उभे राहणार, बाजूला की नेत्याच्या पाठीमागे? चित्रीकरण कोण करणार आणि ते कुठे वापरले जाणार? जवळपास निवडणूक किंवा मोठी घोषणा आहे का? यातल्या निम्म्या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरे येतील. तरी विचारा, कारण गुळमुळीत उत्तर आले की तयारी वाईटातल्या वाईट शक्यतेची करायची हे कळते.

ही तयारी नसली की काय होते ते जून 2025 मध्ये व्हाइट हाउसमध्ये दिसले. क्लब विश्वचषकासाठी अमेरिकेत आलेल्या युव्हेंटस या इटालियन फुटबॉल क्लबच्या खेळाडूंना ओव्हल ऑफिसमध्ये नेण्यात आले. ते अध्यक्ष ट्रम्प यांच्या पाठीमागे उभे आणि समोर पत्रकारांशी बोलणे चालले होते इराणबद्दल. मध्येच ट्रम्प यांनी मागे वळून, तुमच्या संघात एखादी महिला खेळू शकेल का, असेही विचारले. त्यांच्यातल्या टिमथी वेआने नंतर सांगितले की जावेच लागेल असे सांगण्यात आले होते आणि सगळेच अनपेक्षित होते. त्या खेळाडूंनी असभ्य काहीच केले नाही. चूक होती ती जागेची: नेत्याच्या खुर्चीमागची रांग ही पाहुण्यांची जागा नसते, पार्श्वभूमीची असते. बाजूला उभे राहण्याची विनंती करता येते आणि ती बऱ्याचदा मानलीही जाते, पण कॅमेरे सुरू होण्याआधी केली तरच.

आता हजेरी. ही चौकशी संघाच्या बैठकीत हात वर करून कधीच घेऊ नका. हात वर झाले की गट पडतात आणि ते पुढच्या हंगामात पासिंगमध्येसुद्धा दिसतात. व्यवस्थापकाने प्रत्येकाला एकेकटे गाठून दोनच गोष्टी सांगाव्यात: येणे ऐच्छिक आहे, आणि कारण सांगण्याची गरज नाही. हे काम कर्णधारावर टाकू नये, कारण त्याला नकार देणे धाकट्या खेळाडूला जड जाते. प्रशिक्षकाने तर मुळीच करू नये, कारण संघनिवड त्याच्या हातात असते.

उत्तराची तारीख ठरवताना सुरक्षा तपासणीचे वेळापत्रक बघा. अशा ठिकाणी प्रवेशासाठी नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा तपशील काही दिवस आधी द्यावा लागतो. यादी जाण्याआधी नाव नसणे ही साधी गोष्ट असते; यादीतले नाव नंतर गळाले की त्याची बातमी होते. म्हणून अंतिम उत्तर यादी पाठवण्याच्या किमान दोन दिवस आधी हातात हवे.

आकडाही लवकर आणि खरा सांगा. 2018 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे नेमके हेच बिनसले. मोठ्या ताफ्याची अपेक्षा होती, शेवटी येणाऱ्या खेळाडूंची संख्या दहाच्याही खाली आल्याच्या बातम्या होत्या, आणि व्हाइट हाउसने समारंभाच्या आदल्या दिवशी निमंत्रण मागे घेतले. ज्या थोड्यांना मनापासून जायचे होते त्यांचाही हिरमोड झाला. आठच जण येणार असतील तर दोन आठवडे आधी 'आठ' म्हणा. छोटा कार्यक्रम ठरवणे यजमानाला जमते, पण रिकाम्या खुर्च्यांचा फोटो कोणालाच नको असतो.

याच टप्प्यावर करार वाचून घ्या. क्लबच्या करारात प्रसिद्धी कार्यक्रमांना हजर राहण्याचे कलम बहुधा असते; त्यात राजकीय पदाधिकाऱ्यांच्या भेटी मोडतात का, हे वकिलाला विचारा, व्हॉट्सॲप गटाला नको. जर्मनी, इटली, भारत अशा देशांत बरेच खेळाडू सैन्य, पोलीस, रेल्वे यांसारख्या सरकारी सेवेत असतात; त्यांना सेवानियम लागू होतात आणि सहकाऱ्याइतके मोकळेपण त्यांना नसते. ऑलिम्पिक सनदेचा नियम 50 (राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचाराला मनाई करणारा) इथे उगाच ओढून आणला जातो. तो ऑलिम्पिकच्या स्थळांपुरता आहे. क्रीडाग्रामात नेता भेटायला आला तर त्याचा संबंध येतो. महिन्याभराने राजधानीत झालेल्या सत्काराशी नाही. तिथे महासंघाची आचारसंहिता बघायची.

न जाण्याचे ठरले असेल तर क्रम महत्त्वाचा. आधी व्यवस्थापक, मग सहकारी, मग यजमान कार्यालय, आणि जनता सगळ्यात शेवटी, तेही विचारले तरच. यजमानाला जाणारे पत्र चार ओळींचे पुरे: निमंत्रणाबद्दल आभार, येऊ शकत नसल्याची नोंद, संघाच्या सत्काराला शुभेच्छा, सही. त्यात भाषण नको. मतभेद मांडायचाच असेल तर वेगळे निवेदन करा, शंभर शब्दांच्या आत.

त्याचा चांगला नमुना म्हणजे बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचा गोलरक्षक टिम थॉमस. संघाने 2011 चा स्टॅन्ली कप जिंकला होता आणि तो त्या मोसमाच्या बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू होता. 23 जानेवारी 2012 रोजी संघ अध्यक्ष ओबामांना भेटला, थॉमस गेला नाही. त्याच दिवशी त्याने फेसबुकवर छोटे निवेदन टाकले: संघराज्य सरकार आवाक्याबाहेर वाढले आहे आणि नागरिकांच्या हक्कांवर गदा आणते आहे, दोष दोन्ही पक्षांचा आहे, नागरिक म्हणून मी माझा हक्क वापरला, या विषयावर हे माझे एकमेव जाहीर निवेदन. त्याचे मत पटो न पटो, बांधणी बघा. मुद्दा एकच आहे, व्यक्तीवर शेरा नाही, सहकाऱ्यांना त्यात ओढलेले नाही आणि शेवटी दार बंद केलेले आहे. क्लबने काय केले तेही पाहण्याजोगे: हे मत त्याचे आहे, संघाचे नाही आणि आम्हाला निमंत्रणाचा मान वाटतो, एवढे सांगून ते थांबले. थॉमसवर टीका भरपूर झाली, पण मजकुरात पकडायला काही नव्हते.

दुसरा नमुना अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा. जानेवारी 2021 मध्ये त्यांना ट्रम्प यांच्या हस्ते प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा नागरी सन्मान मिळणार होता. अमेरिकेच्या संसद भवनावरच्या हल्ल्यानंतर काही दिवसांतच त्यांनी निवेदन काढले की गेल्या आठवड्यातल्या दुःखद घटनांमुळे हा सन्मान पुढे न नेण्याचा निर्णय झाला आहे. 'मी नाकारतो' हे शब्दच नाहीत. काहींना ही पळवाट वाटली. मला ते कसलेले लेखन वाटते: अर्थाबद्दल शंका राहत नाही आणि अपमान करणारे क्रियापदही कुठे नाही.

खोट्या कारणांचे मात्र काही खरे नसते. 'वैयक्तिक कारण' म्हणा आणि तिथेच थांबा. तो तुमचा हक्क आहे. पण 'पाठ दुखते आहे' म्हणून त्याच संध्याकाळी पार्टीतला फोटो आला की ताकाला जाऊन भांडे लपवल्यासारखे होते. मग न जाण्याची चर्चा मागे पडते आणि खोटेपणाची सुरू होते. वेळ जुळत नसेल तर ती खरोखर जुळत नसावी. समारंभाच्या तासाला जिम किंवा सराव ठरलेला असेल तर तिथेच असा, आणि फोनपासून लांब.

निर्णय झालेला नसताना माइकसमोर बोलणे, हा दुसरा हमखास घोटाळा. सप्टेंबर 2017 मध्ये स्टेफन करीने आपल्याला व्हाइट हाउसला जायचे नसल्याचे सांगितले. त्याच्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या बास्केटबॉल संघाने एकत्र बसून ठरवायचे बाकी होते. दुसऱ्याच सकाळी ट्रम्प यांनी ट्विट करून निमंत्रण मागे घेतले आणि संघाच्या हातातला निर्णय संघाने घेण्याआधीच संपला. नंतर मात्र त्यांनी गोष्ट छान सावरली. फेब्रुवारी 2018 मध्ये वॉशिंग्टनच्या दौऱ्यात ते स्थानिक मुलांना घेऊन आफ्रिकन अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले, पत्रकारांना बाहेर ठेवून. पर्यायी कार्यक्रम करायचा तर असा: ज्याला स्वतःचा अर्थ आहे आणि जो कोणाला चिडवण्यासाठी नाही.

आता जो जातो आहे, पण ज्याचा मतभेद कायम आहे, त्याच्यासाठी. इथे बारकावे जास्त आहेत.

हात मिळवायचा तर पूर्ण मिळवा. नजरेला नजर, दोन-तीन सेकंद, एक वाक्य: 'बोलावल्याबद्दल आभारी आहे.' जुलै 2024 मध्ये युरो फुटबॉल स्पर्धा जिंकून आलेला स्पेनचा संघ पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांना भेटला तेव्हा दानी कार्वाहालने हात पुढे केला, पण नजर दिली नाही. काही सेकंदांची ती चित्रफीत सत्काराच्या सगळ्या बातम्यांवर भारी पडली. अशा अर्ध्या हस्तांदोलनाने निषेध नीट पोहोचत नाही, कारण त्यात मुद्दा नसतो. दिसतो फक्त रुसवा. ज्याला हात द्यायचाच नाही त्याने रांगेत उभे राहू नये. मागच्या ओळीत, टोकाला उभे राहण्याची सोय आधीच करून घ्यावी. धार्मिक किंवा वैयक्तिक कारणाने हात मिळवत नसाल तर ते राजशिष्टाचार अधिकाऱ्याला आदल्या दिवशी कळवा. छातीशी हात नेऊन मान झुकवणे सगळीकडे चालते.

संबोधन पदाचे ठेवा: 'अध्यक्ष महोदय', 'पंतप्रधान महोदया'. पहिल्या नावाने किंवा टोपणनावाने नाही, नेता स्वतः कितीही सलगी दाखवो. (अपवाद असतात. जानेवारी 1963 मध्ये बोस्टन सेल्टिक्सचा बास्केटबॉलपटू सॅच सँडर्स निघताना केनेडींना 'टेक इट ईझी, बेबी' म्हणाला आणि अध्यक्षांसकट सगळे हसले. पण हे शिकवून जमत नाही.)

टाळ्या वाजवण्याचे साधे सूत्र आहे. खेळाबद्दलच्या वाक्याला वाजवा, पक्षाच्या वाक्याला हात खाली. विरोधकांवर विनोद झाला की चेहरा कोरा ठेवा. संकोचाचे हसूसुद्धा कापून 'खेळाडू खदखदून हसले' म्हणून फिरवले जाते. हे आदल्या रात्री आरशासमोर करून बघा, हसू आवरणे वाटते तेवढे सोपे नसते.

हा नियम समर्थकांनाही तेवढाच लागू. नोव्हेंबर 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स या बेसबॉल संघाच्या सत्कारात कर्ट सुझुकीने ट्रम्प यांच्या प्रचाराची लाल टोपी घातली आणि संघाचा समारंभ पक्षाचा होऊन बसला. त्याच संघाचा शॉन डूलिटल आपली कारणे आधीच सांगून घरी राहिला होता. माझ्या मते त्या दिवशी संघाची अडचण वाढली ती टोपीमुळे, रिकाम्या जागेमुळे नाही. म्हणून घोषणेची टोपी, बिल्ला, टी-शर्ट काहीच नको, कोणत्याही बाजूचे.

भेटवस्तू संघातर्फे एकच. जर्सीवर नेत्याचे नाव आणि ठरलेला क्रमांक, बस. वैयक्तिक ओळ नको. लिहायचीच असेल तर मजकूर व्यवस्थापकाने आधी वाचावा. गुंडोआनची जर्सी आठवा.

पत्र द्यायचे असेल तर? ही जुनी आणि सभ्य वाट आहे, पण पायवाट बघून चाला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाचा क्रेग हॉजेस डशिकी (आफ्रिकी धाटणीचा सैल सदरा) घालून व्हाइट हाउसमध्ये गेला आणि अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्यासाठी कृष्णवर्णीय आणि गरीब समाजाच्या स्थितीबद्दल हाताने लिहिलेले पत्र त्याने सोबत नेले. त्याच्या वागण्यात उद्धटपणा नव्हता. तरी 1992 मध्ये संघाने त्याला सोडले, पुन्हा एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या कोणत्याही संघाने घेतले नाही आणि आपल्या मतांमुळेच हे झाले असे म्हणत त्याने 1996 मध्ये लीगवर दावा लावला. तो फेटाळला गेला. सभ्य राहिलात म्हणून किंमत मोजावी लागणार नाही, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. व्यवहाराचे असे: खिशातून अचानक पाकीट काढू नका, सुरक्षारक्षक मध्ये पडतील आणि तेच दृश्य होईल. पत्र आधी राजशिष्टाचार अधिकाऱ्याला दाखवा किंवा सचिवाकडे द्या. एक पान, एक विषय, एक मागणी. प्रत स्वतःकडे ठेवा. प्रसिद्ध करायचे असेल तर नेत्याच्या कार्यालयाला पोहोचल्यावर, आधी नाही.

पत्रकाराने तिथेच राजकीय प्रश्न टाकला तर एक वाक्य पाठ असू द्या: 'आज आम्ही संघ म्हणून आलो आहोत, माझे मत मी माझ्या वेळी सांगेन.' तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर तेच वाक्य, त्याच शब्दांत. शब्द बदलले की नवी बातमी.

शिष्टाचार कुठे संपतो आणि निष्ठा कुठे सुरू होते, ही रेषाही माहीत हवी. उभे राहणे, हात मिळवणे, शांत ऐकणे हा शिष्टाचार. पक्षाची खूण, सलाम, घोषणा ही निष्ठा, आणि ती पाहुण्याकडून मागता येत नाही. मे 1938 मध्ये बर्लिनच्या सामन्याआधी इंग्लंडच्या फुटबॉलपटूंनी नाझी सलाम केला तो त्यांच्याच देशाच्या राजदूताच्या सल्ल्यावरून, 'यजमानांचा मान' म्हणून. आज तो फोटो कोणी शिष्टाचाराचा नमुना म्हणून दाखवत नाही. असे काही करायला सांगितले तर 'आम्ही हात बाजूला ठेवून ताठ उभे राहू' हे उत्तर आधीच लेखी द्या.

जिथे नकाराची किंमत नोकरीपेक्षा मोठी असते, तिथे हे सगळे सल्ले मागे पडतात. नोव्हेंबर 2022 मध्ये देशात आंदोलन पेटलेले असताना इराणचा फुटबॉल संघ विश्वचषकाआधी अध्यक्ष रईसी यांना भेटला आणि त्यावरून शिव्या खाल्ल्या. आठवड्याभराने इंग्लंडविरुद्धच्या सामन्याआधी तेच खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी ओठ मिटून उभे होते. अशा खेळाडूला बाहेरून धैर्याचे धडे देऊ नयेत. त्याचे कुटुंब कुठे राहते, पासपोर्ट कोणाकडे आहे, हे आधी विचारावे आणि ठरवायचे त्याच्यावर सोडावे.

संघातल्या संघात एक अट पक्की हवी: गेलेल्याने न गेलेल्याबद्दल बोलायचे नाही आणि उलटही नाही. 2019 मध्ये बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स कोरा आपल्या मायभूमीच्या, पोर्टो रिकोच्या, चक्रीवादळानंतरच्या हालांचे कारण देऊन व्हाइट हाउसला गेले नाहीत. मुकी बेट्ससह इतर काही जणही गेले नाहीत. गेलेल्यांत बहुतेक गोरे होते आणि ते साऱ्या देशाला दिसत होते. अशा वेळी दोन्ही बाजूंना विचारले जाते, 'त्यांच्याबद्दल काय वाटते?' उत्तर एवढेच: 'त्यांचा निर्णय त्यांचा.'

नंतरचे 24 तास खेळाडूने समाजमाध्यमांचे खाते दुसऱ्या कोणाकडे द्यावे. अधिकृत फोटो संघाच्या खात्यावरून जाईल. स्वतः टाकायचा की नाही हे आधी ठरवा, आणि टाकलात तर मागे घेऊ नका, कारण काढलेला फोटो टाकलेल्यापेक्षा जास्त फिरतो. प्रायोजकाला बातमीतून कळू देऊ नका. आदल्या दिवशी एक फोन पुरतो.

राहिला फोन. जिंकल्यावर किंवा हरल्यावर थेट नेत्याचा फोन येण्याची पद्धत आता वाढली आहे, आणि त्याला कोणी भेट समजत नाही म्हणून तयारीही नसते. विनेश फोगाटने 2024 मध्ये, काँग्रेसमध्ये गेल्यानंतर, मुलाखतीत सांगितले की पॅरिसमधल्या अपात्रतेनंतर पंतप्रधानांच्या फोनची विचारणा झाली होती. तिच्या म्हणण्यानुसार तिची माणसे सोबत नसतील आणि समोरचे लोक चित्रीकरण करतील अशी अट होती, म्हणून तिने नकार दिला. राजकारण बाजूला ठेवले तरी यातून निघणारे दोन प्रश्न प्रत्येक संघाच्या व्यवस्थापकाने लिहून ठेवावेत: खोलीत कोण असेल, आणि कॅमेरा सुरू असेल का? ही उत्तरे फोन खेळाडूच्या हातात देण्याआधी घ्यायची. कॅमेरा नको असेल तर 'बोलायला आवडेल, पण चित्रीकरणाशिवाय' असे सांगता येते. आणि फोन स्पीकरवर असेल, भोवती पंचवीस जण असतील, तर हसू आणि 'हो-हो' कोणाच्या वाक्याला जाते आहे याकडे एका जाणत्या माणसाचे लक्ष हवे. तो कर्णधार नसला तरी चालेल.